खटला न चाललेला खून

नाशिकहून गंगापूरकडे निघाले की आधी आनंदवल्ली लागते, मग गंगापूर. शहराने दोन्ही गावे पोटात घेतली आहेत. अठराव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या मराठी खुनाशी जोडलेल्या दोन बायका गोदेच्या याच काठावर राहिल्या. गंगापुरात गोपिकाबाई, म्हणजे मारल्या गेलेल्या नारायणराव पेशव्यांची आई. आनंदवल्लीत आनंदीबाई, म्हणजे नारायणरावांचे काका रघुनाथराव यांची पत्नी, जिच्या माथी लोकांनी तो खून कायमचा मारला. नात्याने या दोघी जावा. खुनाच्या काही महिने आधी नारायणराव आईला भेटायला गंगापुरी येऊन गेले होते. आनंदीबाईंनी शेवटचे दिवस नाना फडणिसांच्या नजरेखाली काढले आणि 1794 मध्ये आनंदवल्लीतच देह ठेवला.

या खुनावर मराठीत अडीचशे वर्षे लिहिले जात आहे. त्यातल्या लेखनाचा दर्जा काय, हे मात्र आपण फारसे विचारत नाही.

घटना सर्वांना ठाऊक आहे. 30 ऑगस्ट 1773, गणेशोत्सवाचे दिवस. पगार थकल्याची हाकाटी करत सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ यांचे गारदी भरदुपारी शनिवारवाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव पळत काका रघुनाथरावांच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारून बसले. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर पालथा पडला. तो तिथेच कापला गेला. रघुनाथरावांचा खिजमतगार तुळ्या पवार याने नारायणरावांना ओढून काढले. त्या सकाळीच कटाची कुणकुण लागली होती, बंदोबस्ताची सूचना हरिपंत फडक्यांपर्यंत पोचलीही होती, पण पुढे वेळेवर काही झाले नाही.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि पद सोडून ते वाईजवळ पांडववाडीला निघून गेले. पण आरोपी स्वतःच पेशवेपदी बसलेला असताना खटला चालवणार कोण? साक्षीदार समोरासमोर उभे राहिले नाहीत, आरोपीची उलटतपासणी झाली नाही. पुढे बारभाई कारभाऱ्यांचे राज्य आले आणि हाती लागलेल्या मारेकऱ्यांना देहदंड झाले, पण मुख्य आरोपी तोवर इंग्रजांच्या आश्रयाला पोचला होता. मागे उरली ती वकिलांची पत्रे, पकडलेल्यांच्या जबान्या, आणि त्या वेळी पुण्यात असलेल्या मॉस्टिन या इंग्रज वकिलाने मुंबईला पाठवलेली वृत्ते. मराठी छापखाना तर अजून जन्मालाच यायचा होता.

त्याच शतकात इंग्लंडमध्ये काय चालले होते ते पाहिले की आपली उणीव नेमकी कुठे आहे ते कळते. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातले खटले 1674 पासून छापून विकले जात. घरातला खून असला की पुस्तिकांवर उड्या पडत. 1752 मध्ये ऑक्सफर्डला मेरी ब्लँडीवर वडिलांना सोमल घातल्याचा खटला चालला. डॉक्टर अँथनी ॲडिंग्टन यांनी ती पूड विषच आहे हे कोणत्या कसोट्यांनी ठरवले, घरातल्या मोलकरणींनी काय पाहिले, हे सगळे छापून आले. मेरीने स्वतःची बाजूही छापली. या साहित्यात भडकपणा भरपूर होता आणि फाशीपूर्वीच्या पश्चात्तापाचे ठरावीक साचे होते. तरीही मोलकरणीची साक्ष तिच्या नावानिशी कागदावर राहिली.

आपल्या प्रकरणाच्या सर्वांत जवळ येतो तो 1741 चा गुडिअर खटला. सॅम्युअल गुडिअर हा आरमारी कप्तान. त्याचा थोरला भाऊ सर जॉन मालमत्ता बहिणीच्या मुलांकडे वळवण्याच्या बेतात होता. कप्तानाने ब्रिस्टलमध्ये खलाशांकरवी भावाला धरून ‘रूबी’ या आपल्या जहाजावर नेले आणि तिथे दोघा खलाशांनी त्याचा गळा आवळला. कप्तानाचा बचाव असा, की भाऊ वेडा झाला होता, त्याला सांभाळण्यासाठीच धरून आणवले. म्हणजे धरण्याचा हुकूम माझा, मारण्याचा नाही. पण शेजारच्या खोलीत जहाजावरचा पिंपे बांधणारा कारागीर आणि त्याची बायको होती. त्याने फटीतून पाहिले होते आणि त्याने साक्ष दिली. खून चालू असताना कप्तान दाराशी हत्यार घेऊन पहारा देत होता, हे न्यायालयापुढे आले आणि बचाव कोसळला. एप्रिलमध्ये कप्तानासह तिघांना फाशी झाली. या प्रकरणावर पुस्तिका लिहिणारा सॅम्युअल फूट, पुढचा प्रसिद्ध नाटककार, हा दोन्ही भावांचा सख्खा भाचा होता. मालमत्ता ज्यांच्याकडे वळणार होती त्याच घरातला. त्याची पुस्तिका वाचताना हे विसरून चालत नाही. ती कुठे एकांगी आहे ते ओळखता येते, कारण तिच्या शेजारी खटल्याचा वृत्तांत छापलेला आहे.

आपल्याकडे असा वृत्तांत नाही, आणि त्या पोकळीत ‘धचा मा’ वाढला. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या लेखी हुकुमात ‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्याची गोष्ट ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात दिली आणि खाडाखोड आनंदीबाईची, असा सार्वत्रिक समज असल्याचे नोंदवले. खून होऊन तेव्हा 53 वर्षे झाली होती. रामशास्त्रीही 1789 मध्येच वारले होते. तो मूळ कागद कोणी छापलेला नाही. तरी शाळेपासून नाटकापर्यंत हीच गोष्ट पुराव्याच्या जागी बसली. बखरींना मी दोष देणार नाही. लोक काय मानत होते हे त्या सांगतात, ते कामही मोलाचे आहे. फक्त दालनात कोण कुठे उभे होते हे त्यांना विचारू नये. श्रीनाथ पाटणकरांनी 1915 मध्ये या खुनावर मूकपट काढला. 1944 च्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’त गजानन जागीरदारांनी न्यायाधीशाची करारी मूर्ती उभी केली आणि ललिता पवारांनी आनंदीबाई. चित्रपट म्हणून तो उंच आहे. पण त्यानंतर प्रेक्षकांच्या मनात चौकशी संपली आणि एक बाई कायमची दोषी ठरली.

खरे काम गोविंद सखाराम सरदेसायांनी केले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड, आणि रियासतीत पत्रांच्या आधाराने मांडलेला घटनाक्रम. त्यांच्या आधी राजवाडे आणि वासुदेवशास्त्री खरे यांनी कागद वाचवले नसते तर आज बोलायलाही आधार नसता. तरी हे कागद खंडाखंडांत विखुरलेले आहेत आणि मोडीचे छापील बाळबोध रूप साध्या वाचकाला तितकेच दुर्गम आहे. पुढच्या कादंबरीकारांनी आणि नाटककारांनी त्यांतून संवाद उचलले, साक्षी जुळवल्या नाहीत.

मला यातली सर्वांत मोठी चूक वाटते ती ही, की मराठी लेखनाने सगळी नजर एका कागदावर खिळवली. धरण्याला रघुनाथरावांची संमती होती, हे जवळजवळ सर्वच वृत्तांत मान्य करतात. मग अक्षर कुणी बदलले, याहून मोठा प्रश्न दालनातला आहे. पुतण्या मिठी मारून बसला असताना काकाने काय केले? गारद्यांना कोणत्या शब्दांत थांबवले, की थांबवलेच नाही? त्यानंतर त्याच गारद्यांचा पैशांचा तगादा त्याने कसा भागवला? ब्रिस्टलच्या न्यायालयाने कप्तानाला याच वाटेने पकडले. आपण मात्र दालनात हजर असलेल्या पुरुषाला सोडून पडद्याआडच्या बाईच्या बोरूचा शोध घेत राहिलो. चापाजी टिळेकर तर आपल्या लेखनात एका ओळीपुरता येतो आणि जातो.

गोपिकाबाईंकडेही असेच दुर्लक्ष झाले. करवंटी घेऊन नाशकात माधुकरी मागणारी दुःखी आई, एवढेच चित्र आपण जपले. ज्या बाईने नातू सवाई माधवरावाला वागणुकीचे नियम लिहून पाठवले, तिने मुलाच्या खुनाबद्दल काय जाणले, कुणावर विश्वास ठेवला, हे तिच्या पत्रव्यवहारातून शोधणारे लेखन मराठीत व्हायला हवे.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेने या खुनाचे सर्व कागद एका खंडात आणावेत. प्रत्येक साक्षीपुढे ती कोणाची, घटनेनंतर किती दिवसांनी दिलेली, आणि सांगणारा कुणाच्या ताब्यात असताना दिलेली, एवढे नोंदवावे. मोडी वाचणारे तरुण नाशकातही आहेत. आनंदवल्ली आणि गंगापूरच्या कागदांचा भाग त्यांनी उचलावा. तो खंड हाती येईपर्यंत लिहिणाऱ्यांनी आनंदीबाईंवरचा आरोप ऐकीव म्हणूनच लिहावा. रघुनाथरावांवरचा रामशास्त्र्यांचा निवाडा मात्र कायम आहे.