मान डोलावण्याआधी : सोहिरोबानाथांची दोन पदे

वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात, तळ्याकाठी, भजनाला बसले की सोहिरोबानाथ आंबिये यांचे ज्ञानदिव्याचे पद कधी ना कधी कानावर पडतेच. पंडित जितेंद्र अभिषेकींच्या गळ्यातून ते आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले आहे. पद रंगले की श्रोत्यांच्या माना डोलू लागतात. त्याच पदात एक ताकीद आहे : स्वतःला अनुभव आल्यावाचून मान डोलावू नये. ही ताकीद गायली जात असतानाही आम्ही माना डोलावीतच असतो. प्रस्तुत लेख या विसंगतीतून सुचला.

सोहिरोबांचा काळ 1714 ते 1792 असा मानला जातो. जन्म बांद्याचा, घराण्यात कुळकर्णीपण. त्यांच्याविषयी दोन आख्यायिका सर्वतोमुखी आहेत आणि दोन्हींत राजाचे बोलावणे आहे. पहिलीत सावंतवाडीच्या दरबाराचा हुकूम येतो म्हणून ते निघतात. वाटेत इन्सुलीच्या रानात फणस फोडून खायला बसलेले असताना एक योगी समोर येऊन गरे मागतो. सोहिरोबा देतात. तो योगी म्हणजे गैबीनाथ. त्याचा अनुग्रह होतो आणि पुढे कुळकर्णीपण सुटते. दुसरी आख्यायिका ग्वाल्हेरची. उतारवयात उत्तरेकडे गेलेल्या सोहिरोबांना केरीचे जिवबादादा बक्षी महादजी शिंद्यांच्या भेटीस नेतात. महादजी स्वतः भक्तिपर कविता रचीत. सोहिरोबांनी तिची वाखाणणी केली नाही, महादजींना राग आला, आणि उत्तरादाखल ते प्रसिद्ध हिंदुस्थानी पद जन्मले : अवधूताला तुझी गरज नाही, असे राजाला तोंडावर सांगणारे.

आख्यायिकांना इतिहासाचा पुरावा मानण्याचे कारण नाही. परंतु एखाद्या कवीला समाजाने कसे लक्षात ठेवले, हे त्यांतून कळते. सोहिरोबांच्या बाबतीत समाजाला दुसरी गोष्ट अधिक भावली. व्याख्यानात तीच सांगतात. मीही अनेकदा सांगितली आहे आणि दर वेळी टाळ्या घेतल्या आहेत. कुणाच्याही वाहवेची गरज नसलेल्या माणसाची गोष्ट सांगून आपण वाहवा मिळवतो आहोत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. तेव्हा ते पद मी पुन्हा वाचायला घेतले.

पदाचा आशय सरळ आहे. राजाचा पंथ वेगळा, जोग्याचा वेगळा; सोनेचांदी नको; महाल-मुलूख गवताच्या मोलाचे. इथवर कुणाला शंका येणार नाही. पण त्याच पदात असेही म्हटले आहे की तुझ्यासारखे छत्रपती आमच्या पायी लागतात. इथे मी अडखळतो. ज्याला राजाची गरज नाही, त्याने आपल्या पाया पडणाऱ्या राजांची आठवण का द्यावी? मान्यता नाकारतानाही मोजमाप मान्यतेचेच राहिले. फरक इतकाच की आता झुकणारी मान दुसऱ्याची आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नाथपरंपरेत राजा आणि जोगी हे जुने द्वंद्व आहे. गोपीचंद, भर्तरी हे राज्य टाकून जोगी झालेले राजे. तेव्हा ‘आमच्या पायी’ यातला ‘आम्ही’ बांद्याचा सोहिरा नसून सगळा पंथ आहे, असे म्हणता येईल. हे मला मान्य आहे. शिवाय समोरचा राजा केवळ मदांध सत्ताधीश नव्हता. बीडच्या मन्सूरशाहांना गुरू मानणारा तो श्रद्धावान माणूस होता. मात्र श्रोता हे पद पंथाचे म्हणून ऐकत नाही. तो बाणेदारपणावर खूष होतो, आणि बाणेदारपणाला समोर कुणीतरी लागतेच. महादजी नसते तर हे पद उभेच राहिले नसते.

ज्ञानदिव्याच्या पदात समोर कुणी नाही. ते मराठीत आहे आणि एकेरीत आहे. मनाशी किंवा अगदी जवळच्या माणसाशी बोलावे तसे. हरिभजनावाचून वेळ दवडू नये, आतला दिवा विझू देऊ नये, हे त्याचे मुख्य सांगणे. त्याच्या पोटात दोन मनाया शेजारी शेजारी येतात आणि माझ्या मते पदाचे मर्म त्यांतच आहे. एक वर आलीच आहे : अनुभवाशिवाय मान हलवू नये. दुसरी : बोलणे विवेकाची ओल धरणारे असावे, आपल्याच मताने उगाच चिखल करू नये.

पहिली मनाई लोकांच्या होकाराला मोठे मानणाऱ्यासाठी आहे, दुसरी स्वतःच्या मताला मोठे मानणाऱ्यासाठी. ‘लोक काय म्हणतील याची मला पर्वा नाही, माझा देव मला ओळखतो’ असे म्हणणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. त्यांतल्या अनेकांचा देव म्हणजे त्यांचेच मत असते. सोहिरोबा ती पळवाट बंद करतात. माणसाचे मोल ठरवायला लोक पुरे पडत नाहीत, तसा तो स्वतःही पुरा पडत नाही. उरतो तो आतला दिवा. आणि तो आपण लावलेला आहे, असे पद कुठेही म्हणत नाही. तो आहेच, आपल्या हातून विझू नये इतकेच पाहायचे. म्हणून पदाचा सूर बाणेदार नाही, जपण्याचा आहे. समजही एकट्याने येत नाही. ती संतांच्या संगतीत येते, असे पद सांगते. म्हणजे माणसे टाकायची नाहीत, फक्त त्यांच्या डोलणाऱ्या मानांवर आपले मोल ठरवायचे नाही.

या प्रकाशात पहिली आख्यायिका मला दुसरीहून मोठी वाटते. इन्सुलीच्या रानात टाळ्या वाजवायला कुणी नव्हते. कुणाला सुनावले नाही, कुणाला नाकारले नाही. एका अनोळखी माणसाने मागितले आणि हातातले गरे दिले, एवढेच घडले. समाजाला ग्वाल्हेर आवडते याचे कारण तिथे आपण प्रेक्षक होऊ शकतो. रानात प्रेक्षकाला जागा नाही.

ग्वाल्हेरचे पद कमी प्रतीचे आहे असे मला म्हणायचे नाही. त्याचा आवेश खरा आहे आणि दरबारापुढे नमणाऱ्या प्रत्येक काळाला त्याची गरज पडेल. पण सोहिरोबांची ओळख त्या एका पदावर उभी केली, तर ज्याने राजाचे मोजमाप नाकारले त्याला आपण राजाच्याच मापाने मोजतो. यापुढे बोलायची वेळ आली तर मी आधी फणसाची गोष्ट सांगेन. तिला टाळ्या पडत नाहीत, हे करून पाहिले आहे.