छायाचित्र आणि स्मरण

अमरावती-अकोल्याकडील आपली कुटुंबे सोमनाथ-दीवच्या सहलीहून परतली की कौतुकाने छायाचित्रे दाखवितात. त्यांत ‘खुकरी’ स्मारकाचे एखादे असतेच. वऱ्हाडाला समुद्र नाही. तेव्हा समुद्रात गेलेल्यांची आठवण अशा चित्रांनीच आपल्या घरी आणावी, अशी आमची अपेक्षा असते. बहुतेक चित्रे ती पुरी करीत नाहीत.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी ही युद्धनौका दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर बुडविली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक मृत्यू पावले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. दीवच्या टेकडीवर काचेच्या घरात तिची छोटी प्रतिकृती आहे. १९८९ साली नौदलात आलेली, त्याच नावाची दुसरी युद्धनौकाही निवृत्तीनंतर, २०२२ साली, स्मारक म्हणून दीवला देण्यात आली. चित्राखाली नुसते ‘खुकरी’ लिहिले की पाहणाऱ्याला वाटते, बुडाली ती हीच! हा दोष लहान नव्हे. असत्याच्या पायावर स्मरण उभे राहत नाही.

पर्ल हार्बर येथे १९४१ साली बुडालेल्या ‘ॲरिझोना’चा सांगाडा उथळ पाण्यात दिसतो आणि वरच्या स्मारकात १,१७७ मृतांची नावे संगमरवरावर कोरली आहेत. तेथे कॅमेऱ्याला टिपण्यासारखे काही आहे. दीवला खरी नौका दिसत नाही. दिसते ते पाणी. म्हणून येथील उत्तम छायाचित्र प्रतिकृतीपाशी न थांबता नजरेला तिच्यापलीकडच्या रित्या समुद्राकडे नेते, असे आमचे मत आहे. आपण मात्र त्या समुद्राकडे पाठ करून उभे राहतो.

हसऱ्या मुलांना चित्रातून वगळावे, असे आम्ही म्हणत नाही. उलट, तेच मूल पुढे विचारील, “आपण कुठे उभे होतो?” त्या प्रश्नाला आईवडिलांनी खरे उत्तर दिले, तर सामान्य चित्रही स्मरण होईल. पवित्र मिस्सामध्ये आपण करतो ते स्मरण म्हणजे केवळ मागे वळून पाहणे नव्हे. झालेले बलिदान आपल्यासमोर उभे राहते आणि आपल्याकडे काही मागते.

२ नोव्हेंबरला आपण आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. खुकरीबरोबर गेलेल्यांना समुद्राखेरीज कबर नाही. त्या सायंकाळी ते छायाचित्र बाहेर काढावे, मुलांना हकिगत सांगावी आणि त्या १९४ जणांसाठी एक प्रार्थना म्हणावी.