पंडिता रमाबाईंचे गद्य : श्रद्धा, भाकरी आणि स्वातंत्र्य

पंडिता रमाबाईंचा विचार करताना मराठी समीक्षेने त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे पाडले. १८८२ साली आर्य महिला समाज स्थापणारी रमाबाई आपली. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेली रमाबाई मिशनची. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५च्या ‘सत्सार’मध्ये या धर्मांतराची बाजू घेतली होती. वाटणी सोयीची आहे. पण रमाबाईंचे लेखन तिला दाद देत नाही.

त्या लेखनाचा उगम भुकेत आहे. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी आईवडिलांचे दुष्काळातील मरण सांगितले आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान. घरात पुराणांचा अखंड पाठ. पण हातांना पोट भरण्याचे कोणतेही काम ठाऊक नाही. गाठीचे द्रव्य व्रते, दाने आणि देवदर्शने यांत संपले. या प्रसंगात करुणेपेक्षा निदान अधिक आहे. ज्या धर्मविचाराने श्रम हलके मानले, त्याने आपल्याच पंडितांना उपाशी मारले, असे रमाबाईंचे म्हणणे आहे. स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा अधिकार नाकारणाऱ्या शास्त्रांविषयीचा त्यांचा राग याच निवेदनात येतो, आणि तो या अनुभवापासून वेगळा काढता येत नाही. ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ (१८८७) या इंग्रजी ग्रंथात हिंदू स्त्रीच्या गरजा सांगताना त्या स्वावलंबनाला पहिले स्थान देतात. शिक्षण आणि देशी शिक्षिका त्यानंतर.

ख्रिस्ताच्या ठायी त्यांना समता दिसली. म्हणून त्या चर्चच्या आज्ञेत राहिल्या, असे मात्र झाले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार या दृष्टीने फार मोलाचा आहे. क्रूसावरचा लेख लॅटिनमध्येच का, संस्कृतमध्ये का नको, हा त्यांचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. चेल्टनहॅम येथे त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांनी सुचविले, तेव्हा त्या खवळल्या. ब्राह्मणी सत्तेचे जू मानेवरून उतरवले ते पाद्र्यांचे चढवण्यासाठी नव्हे, हाच या पत्रांचा सूर आहे. राजकीय स्वातंत्र्याचा शब्द त्यांत क्वचित असेल. त्याचे व्याकरण मात्र तेथेच घडले.

त्या व्याकरणाचा विस्तार ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या मराठी ग्रंथात दिसतो. प्रवासवर्णन म्हणून त्याची गणना होते, पण राज्यव्यवस्थेवरील मराठी निबंध म्हणूनही ते वाचले गेले पाहिजे. राजाविना चालणारे राज्य, संस्था उभारणाऱ्या स्त्रिया, आणि त्याच देशात स्त्रियांना नसलेला मताधिकार व त्यांची कमी मजुरी, हे सारे त्या नोंदवतात. अमेरिकेविषयीचे कौतुक काही ठिकाणी अतिरेकी होते हे खरे. त्याच वर्षी मुंबईच्या राष्ट्रसभेच्या अधिवेशनात ज्या थोड्या स्त्रिया प्रतिनिधी होत्या त्यांत रमाबाई होत्या. १८९७च्या प्लेगमध्ये आपल्या संस्थेतील एका मुलीच्या रुग्णालयातील हालांविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले, प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. राज्यकर्ते स्वधर्मीय होते, म्हणून लेखणी आवरली गेली नाही.

१८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणल्या आणि केडगावच्या मुक्तीचे कार्य उभे राहिले. आजचा छत्तीसगढ त्या प्रांतातच होता. भिलाईच्या सेक्टर ६मध्ये राहणाऱ्या वाचकाला श्रद्धा आणि भाकरी यांची ही जोडी कदाचित अनोळखी वाटेल. १९५५च्या सोव्हिएत करारानंतर वसलेल्या त्या पोलादनगरीत भाकरी सरकारी कारखान्याने द्यायची आणि देव ज्याचा त्याने पाहायचा, असा नवा करार होता. रमाबाईंसमोर असे राज्यच नव्हते. म्हणून मुक्तीत प्रार्थनेबरोबर विणकाम, शेती, तेलघाणा आणि छापखाना आला.

येथेच त्यांच्या विचारातील गाठ आहे. १८९३ साली शारदा सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात या कारणावरून रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आपण सक्ती करीत नाही, पण आपल्या प्रार्थनेचे दारही बंद करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका प्रामाणिक होती. परंतु जिचे अन्न, वस्त्र आणि छप्पर संस्थेच्या हाती आहे, त्या मुलीची श्रद्धा कितपत स्वतंत्र म्हणावी? हा प्रश्न रमाबाईंनी वाँटेजला ज्या धारेने विचारला, त्या धारेने केडगावला विचारलेला दिसत नाही. सनातन्यांच्या आरोपांना उत्तर देण्याच्या भरात त्यांच्या चाहत्यांनीही तो टाळला.

तरीही मुक्तीने दिलेले कसब उसने नव्हते. अखेरच्या वर्षांत रमाबाई हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे सोपे मराठी करीत होत्या. अल्पशिक्षित बाईला ते स्वतः वाचता यावे, मध्ये कोणी अर्थ सांगणारा लागू नये, हा हेतू. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. भाषांतर १९२४ साली बाहेर आले, ते मुक्तीच्याच छापखान्यातून, तेथील स्त्रियांच्या हातून.