डबेवाल्यांचा आकडा आणि डबेवाल्यांचे शास्त्र

मागच्या वर्षी मुलुंडच्या एका शाळेत विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. नववीतल्या एका मुलाने भित्तिपत्रकावर लिहिले होते : 'मुंबईच्या डबेवाल्यांची १ कोटी ६० लाख फेऱ्यांत फक्त एक चूक!' मी विचारले, "हे मोजले कोणी?" मुलगा बाईंकडे पाहू लागला आणि बाई माझ्याकडे. हा प्रश्न आपण सगळ्यांनीच विचारायला हवा होता.

आकड्याचे मूळ 'फोर्ब्स' मासिकाच्या ऑगस्ट १९९८ मधील एका लेखात आहे. लेखक सुब्रत चक्रवर्ती यांनी पुढे स्वतःच खुलासा केला. त्यांनी डबेवाल्यांच्या प्रमुखांना विचारले, चूक किती वेळा होते? उत्तर आले, जवळजवळ कधीच नाही. फार तर दोन महिन्यांतून एकदा. बाकीचे गणित चक्रवर्तींनी केले. रोजचे पावणेदोन लाख डबे, दोन महिन्यांतले कामाचे ४५-४६ दिवस, म्हणजे सुमारे ८० लाख डबे. रिकामा डबा घरी परत जातो, म्हणून दुप्पट : १ कोटी ६० लाख. 'फोर्ब्स'ने 'सिक्स सिग्मा' प्रमाणपत्र दिले, ही तर निव्वळ दंतकथा. तो शब्द आपण वापरलाच नव्हता, असे चक्रवर्ती सांगतात.

गुणाकार बरोबर आहे. पण ज्याला गुणले ती संख्या मोजलेली नाही, आठवणीतली आहे. समजा, प्रत्यक्षात दोन महिन्यांतून एक नव्हे, तर रोज एक चूक होत असेल. साडेतीन लाख फेऱ्यांत एक, म्हणजे दहा लाखांत तीनहून कमी. सिक्स सिग्माची रूढ मर्यादा दहा लाखांत ३.४ आहे, म्हणजे डबेवाले तेव्हाही उत्तीर्णच! दोन उत्तरांत ४५ पटींचा फरक आहे, आणि नोंदवहीशिवाय त्यांतले खरे कोणते हे ठरवता येत नाही. शिवाय चूक कशाला म्हणायचे? उशिरा पोचलेला डबा? वाटेत लक्षात येऊन दुरुस्त झालेली अदलाबदल?

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉमके यांनी २०१० साली डबेवाल्यांवर एक अभ्यास-प्रकरण लिहिले. त्याच्या परिचयातच ही कामगिरी 'सिक्स सिग्माच्या तोडीची किंवा त्याहून सरस' म्हटली आहे. व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेने हा शिक्का इतक्या सहज उमटवावा, ही माझी पहिली तक्रार. दुसरी अधिक गंभीर आहे : आकड्याच्या झगमगाटात खरा प्रश्न झाकला जातो. चुका इतक्या कमी का होतात?

याची सामग्री मात्र थॉमके यांच्याच लेखनात आहे, आणि तो भाग मोलाचा आहे. घाटकोपरच्या घरातून निघालेला डबा फोर्टातल्या कचेरीत पोचेपर्यंत अनेक हातांतून जातो. झाकणावर पत्ता नसतो. अक्षरे, अंक आणि रंग यांच्या मोजक्या खुणा असतात. साधारण २५ जणांचा एक गट, त्यात अनुभवी मुकादम, अडीअडचणीला काही जादा माणसे. गटाचा हिशेब स्वतंत्र, मिळकत जवळजवळ सारखी. बहुतेक जण मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातले.

इथे सामाजिक मानसशास्त्रातले एक जुने निरीक्षण आठवते. फ्रेंच कृषि-अभियंता मॅक्स रिंगेलमान याने १९१३ साली दोर ओढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. ओढणारे वाढले, की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर कमी होई. याचे एक कारण ताळमेळ न जमणे. पण पुढच्या संशोधनात दुसरेही दिसले : आपला वाटा वेगळा ओळखू येणार नसेल, तर माणूस हात आखडता घेतो, ओळखू येणार असेल, तर तितका घेत नाही. डबेवाल्यांच्या छोट्या गटात कोणाच्या हातून काय झाले हे लपत नाही, आणि गटातली माणसे गावाकडेही एकमेकांना ओळखतात. अचूकतेचे मूळ इथे असावे, असे माझे अनुमान आहे. अनुमानच, पण ते तपासता येते, आणि दंतकथेपेक्षा त्याचा हाच गुण मोठा.

आकड्याने आणखी एक गोष्ट झाकली. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि डबेही थांबले. अनेक जण गावी परतले. पुढे कचेऱ्या उघडल्या, तरी सगळे गिऱ्हाईक परत आले नाही. अचूक काम करणाऱ्याच्या डोक्यावर छत्र असतेच असे नाही, हे तेव्हा दिसले. आपण टाळ्या वाजवल्या, पण आजारपणात आणि म्हातारपणी या माणसांचे कसे चालते, हे फार थोड्यांनी विचारले.

शिक्षकमित्रांना एक सुचवतो. शाळेत वाटप होणाऱ्या कोणत्याही वस्तूची, वह्या असोत वा ग्रंथालयातली पुस्तके, महिनाभर नोंद ठेवा. 'चूक' म्हणजे काय ते आधी ठरवा. वाटप करणाऱ्यांना त्यांचा अंदाज विचारा, मग नोंदवही उघडा. अंदाज आणि नोंद यांतले अंतर मुलांनी स्वतः पाहिले, की भित्तिपत्रकावरचा पुढचा आकडा ती आपण होऊन तपासतील. डबेवाल्यांचे श्रेय त्याने कमी होणार नाही. त्यांचे काम एवढे चांगले आहे, की त्याला खोट्या प्रमाणपत्राची गरजच नाही.