प्रिव्ही गार्डन : पुनर्रचना आणि इतिहासाचा प्रश्न

इंग्रजी उद्यानकलेचा इतिहास बहुधा एका ठरावीक साच्यात सांगितला जातो. सतराव्या शतकातील आखीव बाग ही फ्रान्स व हॉलंड येथून आलेली, राजसत्तेच्या अहंकाराची खूण. आणि अठराव्या शतकातील निसर्गसदृश उद्यान हा मात्र इंग्रजी स्वातंत्र्यवृत्तीचा अस्सल आविष्कार, असा तो साचा आहे. ॲडिसनने १७१२ मध्ये व पोपने १७१३ मध्ये कातरलेल्या झाडांचा उपहास केला. पुढे होरेस वॉलपोलने आपल्या उद्यानविषयक निबंधात त्या उपहासाला इतिहासाचे रूप दिले. परंतु वॉलपोल हा तटस्थ इतिहासकार नव्हता; तो एका पक्षाचा वकील होता. आखीव बागेकडे पाहताना त्याचाच चष्मा आपण अजून वापरतो काय, हे तपासण्यास हॅम्प्टन कोर्ट येथील ‘प्रिव्ही गार्डन’ हे उत्तम उदाहरण आहे.

‘प्रिव्ही’ म्हणजे खाजगी. राजप्रासादाच्या दक्षिणेस थेम्स नदीपर्यंत पसरलेली ही बाग तिसऱ्या विल्यमने स्वतःच्या दालनांसमोर, स्वतःच्या दृष्टिसुखासाठी सिद्ध करविली. दालनांतून नदी दिसावी म्हणून बागेची जमीन खोदून खाली नेण्यात आली. हिरवळीत कोरलेली नक्षी, शंकूच्या आकारात कातरलेले यू वृक्ष, मध्यभागी कारंजे आणि नदीच्या बाजूस झां तिजू याने घडविलेल्या लोखंडी जाळ्या, अशी तिची रचना होती. १७०२ मध्ये काम पूर्णत्वास येत असतानाच राजा निवर्तला. ज्या डोळ्यांसाठी बाग आखली त्यांना ती फारशी पाहावयास मिळाली नाही.

यानंतरचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. निसर्गसदृश उद्यानाचा अग्रणी लॅन्सलॉट ब्राउन १७६४ मध्ये येथे राजउद्यानपाल झाला; परंतु इतरत्र आखीव बागा मोडणाऱ्या या माणसाने हिची मूळ आखणी उधळून नवे उद्यान रचले नाही. १८३८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने प्रासाद व बागा सर्वसामान्यांस विनामूल्य खुल्या केल्या. तोपर्यंत कातरणी थांबलेली होती. शंकूंचे मोठे वृक्ष झाले होते, झुडपे माजली होती, नदी दिसेनाशी झाली होती. राजाची खाजगी बाग आता लंडनच्या नागरिकांची सावलीची फिरण्याची जागा बनली. दीडशे वर्षे लोकांनी ‘प्रिव्ही गार्डन’ म्हणून ओळखली ती ही बाग.

१९८६ मध्ये प्रासादाच्या दक्षिण भागास आग लागली. राजदालनांच्या जीर्णोद्धाराबरोबर बागेचाही प्रश्न ऐरणीवर आला. उत्खननात जुन्या वाफ्यांच्या व वृक्षांच्या खड्ड्यांच्या खुणा मातीत आढळल्या. आराखडे, चित्रे व हिशेबाचे कागद त्यांना जुळले. या आधारावर वाढलेले वृक्ष काढून टाकण्यात आले आणि १७०२ ची बाग १९९५ मध्ये पुन्हा उभी राहिली.

या कृतीचे मूल्यमापन कसे करावे? पाठचिकित्सेचा विद्यार्थी येथे सहज एक साम्य पाहील. प्रचलित पाठातील प्रक्षेप दूर करून आद्य पाठ सिद्ध करावा, हीच ही भूमिका आहे; आणि पुरावा इतका भरघोस असल्याने ती निराधार नाही. तथापि दोन्ही कार्यांत एक मूलगामी भेद आहे. संपादकाने वगळलेला पाठभेद तळटीपेत जिवंत राहतो. तोडलेला वृक्ष तळटीपेत ठेवता येत नाही. शिवाय येथे जे ‘प्रक्षिप्त’ ठरले ते लोकांचे होते आणि जे ‘आद्य’ ठरले ते राजाचे. बाग सर्वांस खुली राहिली. परंतु तिचा रचनाबिंदू पुन्हा राजाच्या खिडकीत गेला.

यावर कोणी लेव्हेन्स हॉलचे उदाहरण देईल. तेथे गीयोम ब्यूमाँ याने १६९४ पासून रचलेली बाग कधी मोडली गेली नाही. ती पिढ्यान् पिढ्या कातरली जात आली आणि आज ती लोकांना पाहता येते. परंतु कातरलेले झाडही वाढतच असते. त्याचा आकार फुगतो, कलतो, मूळ भूमिती सोडतो. म्हणजे लेव्हेन्स येथे परंपरा अखंड आहे, पण आकृती बदललेली आहे. हॅम्प्टन कोर्ट येथे आकृती शुद्ध आहे, पण परंपरा खंडित आहे. ‘मूळ बाग’ या दोहोंपैकी एकाही ठिकाणी सापडत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते पुनर्रचना समर्थनीय आहे, कारण तिने वॉलपोलच्या पूर्वग्रहाचे प्रत्यक्ष खंडन केले. आखीव बाग म्हणजे निसर्गावरील निर्जीव जुलूम नव्हे. प्रासाद, हिरवळ व नदी यांना एका दृष्टिरेषेत गुंफणारी ती एक समर्थ कला होती, हे नदीचे दृश्य मोकळे झाल्यावरच कळते. मात्र तिला १७०२ ची बाग म्हणू नये. ती १७०२ च्या बागेची १९९५ ची चिकित्सित आवृत्ती आहे, आणि कोणत्याही प्रामाणिक आवृत्तीप्रमाणे तिनेही आपण काय वगळले हे वाचकास सांगितले पाहिजे. त्या वगळलेल्या सावलीची नोंद ठेवणे, हे उद्यानाच्या इतिहासकाराचे कर्तव्य होय.