बोटाखालचे अकोला

छापील मराठीत ‘अकोला’ तीन अक्षरांत संपते. ब्रेलमध्ये त्याला पाच घरे लागतात: अ, क, ओ, ल, आ. प्रत्येक घरात सहा ठिपक्यांची जागा असते. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. आता बोट फिरवू. ‘अ’ म्हणजे एकटा पहिला ठिपका. त्याला तिसऱ्याची जोड मिळाली की ‘क’. त्यात पाचवा आला की ‘ओ’. डावी रांग पूर्ण उठली की ‘ल’. शेवटच्या ‘आ’ला तीन, चार आणि पाच.

हेच नाव इंग्रजी ब्रेलमध्ये लिहा. पहिली चार घरे जशीच्या तशी राहतात, फक्त शेवटचे बदलते. मराठी शिकलेल्या बोटाला इंग्रजीची पाटी कोरी वाटत नाही. हा योगायोग नव्हे. पूर्वी देशात निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालत आणि एका पद्धतीतले पुस्तक दुसरी पद्धत शिकलेल्याच्या कामाचे नसे. लुई ब्रेलने १८२९ साली प्रसिद्ध केलेल्या ठिपक्यांशी नाते राखून भारतीय भाषांना एकच लिपी द्यायची, हे १९५१ मध्ये युनेस्कोच्या मदतीने ठरले. तीच भारती ब्रेल. ‘क’ मराठीत, बंगालीत, तमिळमध्ये त्याच दोन ठिपक्यांचा.

या लिपीची खरी खुमारी मात्र ‘मूर्तिजापूर’ लिहिताना कळते. त्यातले ‘र्ति’ पाहा. छपाईत पहिली वेलांटी ‘त’च्या आधी काढतात आणि उच्चारतात नंतर. रफार उच्चारतात आधी आणि तो बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. डोळ्याला सगळे एका नजरेत दिसते, म्हणून हे खपून जाते. बोटाला एका वेळी एकच घर कळते. म्हणून भारती ब्रेलमध्ये आधी हलन्ताचा चौथा ठिपका, मग र, मग त, मग इ. तोंडातून जे ज्या क्रमाने निघते, ते त्याच क्रमाने. येणारे अक्षर अर्धे आहे, ही खबर बोटाला आधीच मिळते. स्वराला आणि त्याच्या मात्रेला चिन्ह एकच. त्यामुळे ‘सई’ लिहिताना मध्ये ‘अ’ घालावा लागतो, नाहीतर ते ‘सी’ होईल. एवढ्या काटकसरीसाठी ही किंमत रास्तच आहे.

मानक ठरवणाऱ्यांनी इथे देवनागरीच्या वळणांची नक्कल केली नाही, वाचणाऱ्या बोटाला प्रमाण मानले. याचे मोल वऱ्हाडाने ओळखावे. माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणी दृष्टी जाऊनही शंभरावर ग्रंथ रचून गेले. पण त्यांना पोथी ऐकायची ती दुसऱ्याच्या तोंडून आणि रचना उतरवायची ती दुसऱ्याच्या हातून. एवढ्या प्रज्ञेच्या माणसालाही एकट्याने वाचत बसण्याचे सुख नव्हते.

आज पुस्तकाची जागा मोबाइलच्या पडद्यानेही घेतली आहे. भारतीय मानक ब्युरोने माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी आयएस १७८०२ हे मानक २०२१ मध्ये आणले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सुगम्यतेचे किमान निकष मर्जीवर सोडून चालणार नाही, ते बंधनकारकच हवेत. हे व्हायलाच हवे होते. तरीही कितीतरी पडद्यांवर बटणांना नावच दिलेले नसते. स्क्रीन रीडर नुसता ‘बटण’ म्हणतो. ते पैसे पाठवणारे की व्यवहार रद्द करणारे, हे अंध माणसाने दाबून बघायचे का?

चौथा ठिपका अक्षराच्या आधी ठेवणाऱ्यांना हे नेमके कळले होते. पुढे काय आहे ते वाचणाऱ्याला आधी समजले पाहिजे; मग पुढे जायचे की थांबायचे, ते तो ठरवेल. नव्या मानकांची परीक्षा याच कसोटीवर व्हावी, आणि परीक्षकांत ब्रेल वाचणारी बोटे असावीत.