पैशाचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपली आजी सांगत असे. दुबई-शारजात काही वर्षे काढली की या म्हणीविषयी शंका येऊ लागते. गेल्या जुलैत तर हे सोंग मी प्रत्यक्ष पाहिले. चार चाकांवर उभे होते, रंगाने लालभडक आणि नाकावर उधळलेला घोडा.

झाले असे, की माझा एक जुना मित्र मला शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजात घेऊन गेला. "तू डॉक्टरेटवाला माणूस, एकदा नजर टाक," म्हणाला. शटर वर गेले आणि समोर फेरारी ३५५! गॅरेजवाला मात्र प्रामाणिक निघाला. त्याने आपणहून सांगितले, की आत टोयोटा एमआर-२ आहे. मुल्कियावरही टोयोटाच लिहिलेले होते. मित्राला ते आधीपासून ठाऊक होते. त्याच्या मुलाचे लग्न ठरत आले होते, डिसेंबरात पुण्याहून व्याही यायचे होते आणि विमानतळावर त्यांना घ्यायला ही गाडी न्यायची होती. गाडी दोनच माणसांची, तेव्हा व्याही बसल्यावर विहीणबाई कुठे बसणार, हा प्रश्न मी विचारला नाही. नंतर ती मुलगाच चालवणार होता, आणि त्याचीच मला खरी काळजी वाटली.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एक जुनी, धडधाकट गाडी घ्यायची. तिला म्हणतात 'डोनर'. तिचे इंजिन, गिअरबॉक्स, चाके, कधी संपूर्ण सांगाडाच ठेवायचा आणि वर फायबरग्लासचे नवे अंग चढवायचे. हे अंग आणि सोबतचे सुटे भाग म्हणजे 'किट'. एमआर-२ या कामासाठी जगभर आवडती, कारण तिचेही इंजिन फेरारीसारखे सीटच्या मागे असते.

आता परीक्षण. एमआर-२ च्या पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर २,४०० मिलिमीटर, ३५५ चे २,४५०. म्हणजे फरक पाच सेंटिमीटरचा. सांगाडा न कापता अंग बसवले, की हे पाच सेंटिमीटर कुठेतरी चोरावे लागतात. ते दाराच्या मागे चोरलेले होते, त्यामुळे गाडी किंचित आखडून बसल्यासारखी दिसत होती. खऱ्या ३५५ मध्ये साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन उभे बसते. इथे दोन लिटरचे चार सिलिंडरचे आडवे. किल्ली फिरवली की सोंग संपले! उन्हात उभे राहून राहून रंगाखालून फायबरची वीण वर उमटली होती, जुन्या धोतरातून पाय दिसावेत तशी.

हे सगळे रूपाचे दोष. ते मी हसून सोडले असते. पण चाके बाहेर काढायला आत जाड चकत्या घातल्या होत्या, त्यामुळे बेअरिंगवर मूळ आराखड्यात नसलेला ताण येत होता. ब्रेकवर लाल रंगाची भलीमोठी झाकणे आणि त्यांच्या आत टोयोटाचे जुनेच कॅलिपर. झाकणामुळे ब्रेकची उष्णता आतच कोंडते. बाजूच्या हवेच्या झडपाही नुसत्या शोभेच्या, आतून बंद. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात इंजिनाने श्वास घ्यायचा कुठून? जिथे कारागिराने डोके चालवायला हवे होते तिथे त्याने रंग लावला होता.

१९९१ साली अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने फेरारीच्या बाजूने निकाल दिला होता. फायबरग्लासची नकली अंगे विकणाऱ्याचे म्हणणे होते, की माझ्या गिऱ्हाइकाला माल फेरारीचा नाही हे पक्के ठाऊक असते, मग फसवणूक कोणाची? न्यायालयाने विकत घेणाऱ्याबरोबर रस्त्यावरून पाहणाऱ्याचाही विचार केला. मला हा निकाल समीक्षेच्या दृष्टीनेही मोलाचा वाटतो. या वस्तूचा खरा प्रेक्षक फुटपाथवर उभा असतो. त्याला आत काय आहे ते कळू नये, यावरच तिचे सारे मूल्य टिकते.

तुम्ही म्हणाल, मग नक्कल वाईटच का? मुळीच नाही. बहुरूपी दारात पोलीस होऊन येतो, दरडावतो आणि शेवटी हसून हात पुढे करतो. ते सोंग. जो हात पुढे करत नाही, त्याचे ढोंग. गाड्यांतही अगदी हाच भेद आहे.

कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन १९५७ ची. इंग्लंडात तयार गाडीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून ती किट म्हणूनही विकली जाई आणि लोक ती घरच्या घरी जोडत. १९७३ मध्ये करपद्धत बदलली आणि ही सवलत गेली, पण गाडी टिकली. त्याच वर्षी तिचे हक्क केटरहॅमकडे आले. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या २५० पौंडांत तशी गाडी कशी बांधावी याचे पुस्तकच लिहिले. डोनर होती जुनी फोर्ड एस्कॉर्ट. नळ्या कापा, जोडा, आणि बांधता बांधता शिका! असे करणाऱ्याला आपल्या गाडीतला एकेक बोल्ट पाठ असतो.

आपल्याकडेही हे झाले आहे. २००० नंतरच्या दशकात अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या धाटणीची रोडस्टर बांधली. इंजिन इसुझूचे १.८ लिटरचे, आपल्या काँटेसात असायचे ते. गंमत बघा : काँटेसा स्वतःच व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा अवतार, त्यात जपानी इंजिन आणि ते इंजिन पुन्हा एका इंग्लिश धाटणीच्या अंगात! या गाडीला दोष द्यायचाच तर एवढाच देईन, की कोकणातल्या पावसाला उघड्या अंगाची गाडी मानवणारी नाही. आकार घेताना हवामानाचा विचार व्हायला हवा होता. पण तिच्या नाकावर लोटसचे नाव नव्हते, चिंकाराचे होते. तिने हात पुढे केला होता.

आणि नकलेचा सर्वांत निर्मळ नमुना याच देशात आहे. अबू धाबीच्या दक्षिणेला शेख हमद बिन हमदान यांच्या संग्रहालयात डॉज पॉवर वॅगनची अजस्र प्रतिकृती उभी आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही चौपट, म्हणजे घनफळ चौसष्ट पट. आत झोपायच्या खोल्या आहेत. चौपट आकारात वजन चौसष्ट पट वाढते, पण लोखंडाच्या छेदाचे क्षेत्रफळ फक्त सोळा पट. म्हणजे ताण चौपट. मूळ गाडीचा भाग न् भाग नुसता मोठा करून भागत नाही. आतली रचना नव्याने विचारात घ्यावी लागते. तिथे कोणी फसत नाही. या भूमीत तेलाचा शोध सुरू झाला त्या दिवसांतल्या गाडीला केलेला तो नमस्कार आहे.

मित्राला मी हे सगळे सांगितले. थोडे जास्तच सांगितले असावे. तो म्हणाला, "तुला काय, तुला कोणाला काही दाखवायचं नाहीये." त्यानंतर तीन महिने फोन नाही.

त्याचे म्हणणे मात्र खरे नव्हते. इथे आलो त्या पहिल्याच वर्षी कंपनीच्या वाहनतळावर दुसऱ्याच्या मर्सिडीजला टेकून काढलेला फोटो मी घरी पाठवला होता. गाडी माझी आहे असे मी कुठेही लिहिले नव्हते; नाही असेही लिहिले नव्हते. वडिलांनी तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावला आणि ते गेले तोवर तो तिथेच होता. त्यांना मी कधीच सांगितले नाही.

डिसेंबरात मित्राने व्याह्यांना आपल्या जुन्या पजेरोतून आणले. विहीणबाई मागे ऐसपैस बसल्या म्हणे. साखरपुड्याला मला बोलावणे होते. गाडीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.